हजार वर्षांच्या राज्याचा चार्ज

उदगीरच्या तहसील कचेरीबाहेर एक लाकडी बाक होता आणि त्या बाकावर बसल्या बसल्या माणिकप्पा दानीएल या शिपायानं पाच राज्यं पाहिली. बाक तोच. त्याच्या डाव्या पायाखालचा विटेचा तुकडाही तोच. चव्वेचाळीस साली माणिकप्पा पहिल्यांदा या बाकावर टेकला तेव्हा निजामाची अमदानी होती, उदगीर बीदर जिल्ह्यात होतं आणि आतून घंटी वाजली की "हाजिर!" म्हणून धावायचं होतं. मग पोलिस ॲक्शन झाली, दीडेक वर्ष मिलिटरीचं राज्य आलं आणि "हाजिर"चं "जी साब" झालं. मग हैदराबाद राज्य आलं. छप्पन साली कुणीतरी उदगीर चिमटीत उचललं आणि मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात नेऊन ठेवलं. साठ साली महाराष्ट्र आला आणि घंटीला "आलो साहेब" म्हणायचं ठरलं. बाकापासून साहेबाच्या दारापर्यंतचं अंतर मात्र पाचही राज्यांत तेवढंच राहिलं. चौदा पावलं.

यावरून माणिकप्पानं एक सिद्धांत काढला होता आणि तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. "राज्य बदललं की पयला शिक्का बदलतो, मग पाटी बदलते, मग साहेब बदलतो. शिपाई बदलत न्हाई. म्हून राज्याची खरी वळख शिपायाला."

त्यामुळे सहावं राज्य येणार आहे, ते खुद्द प्रभू येशूचं असणार आहे आणि एक हजार वर्षं टिकणार आहे, हे जेव्हा मिशन कंपाउंडात जाहीर झालं, तेव्हा बाकीची मंडळी रडली, गुडघ्यांवर आली, दोघी-तिघींना भोवळ आली. माणिकप्पानं कानावरची पेन्सिल काढली.

ही गोष्ट बहात्तर सालची. दुष्काळ असा की विहिरीत बादली सोडली तर आतून दगडाचा आवाज यायचा. निम्मं उदगीर खडी फोडायला आणि उरलेलं निम्मं त्यांची हजेरी घ्यायला गेलेलं. अशात हैदराबादकडचा एक फिरता उपदेशक आला आणि त्यानं कंपाउंडातल्या चिंचेखाली तीन दिवस सभा लावली. त्याच्याजवळ बारा हात लांबीचा कापडी नकाशा होता. त्यावर जगाच्या आरंभापासून अंतापर्यंतची युगं एकापुढे एक रंगवलेली. कुठं जलप्रलय, कुठं करणा वाजवणारे देवदूत, कुठं सात डोक्यांचं जनावर. शेवटून दुसरा चौकोन नुसता हिरवा होता. त्यात द्राक्षाचे वेल, भरलेली विहीर, आणि लांडगा-कोकरू एकाच गव्हाणीत तोंड घालून उभे. त्या साली अख्ख्या तालुक्यात हिरवं म्हणून तेवढंच होतं. लोक सभेआधी तासभर येऊन त्या चौकोनासमोर बसायचे.

"प्रभू परत येईल," उपदेशक सांगत होता, "सैतानाला साखळदंडानं बांधून हजार वर्षं कुलपात ठेवील, आणि याच पृथ्वीवर राज्य करील. जो घर बांधील तोच त्यात राहील. जो मळा लावील तोच त्याचं फळ खाईल."

माणिकप्पा उठून उभा राहिला. कचेरीतली सवय, प्रश्न विचारताना टोपी काढली.

"साहेब, ह्या राज्यात तालुके किती ऱ्हातील?"

सभा हसली. उपदेशक मात्र मुरलेला होता. त्यानं प्रभूनं सांगितलेली ती गोष्ट सांगितली. एक मालक राज्य मिळवायला दूर देशी गेला, परत आला, आणि ज्या नोकरानं मागं काम चोख ठेवलं होतं त्याला म्हणाला, घे, तुला दहा शहरांचा अधिकार. दुसऱ्याला पाच.

"नोकराला?" माणिकप्पानं विचारलं.

"विश्वासू नोकराला."

"मग त्याची यादी कुणी करून ठेवली हाय का?"

यादी नव्हती. उपदेशकाला ही बाब किरकोळ वाटली, माणिकप्पाची मात्र झोप उडाली. छप्पन साली काय झालं ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. राज्य बदललं, याद्या आल्याच नाहीत. कुलपं उदगीरला आणि किल्ल्या बीदरला. चार महिने दफ्तराची खोली बाहेरून नुसती झाडायची. बीदरमधून आलेल्या तीन तालुक्यांच्या घोळाला चार महिने लागतात, आणि इथं तर अख्खी पृथ्वी! प्रभू ढगांवरून उतरेल, सिंहासनावर बसेल, म्हणेल, "आणा यादी," आणि सगळे संत एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. ही नामुष्की उदगीरकरांच्या देखत तरी होता कामा नये.

उपदेशक जाताना त्याची आस्था बघून नकाशा त्यालाच देऊन गेला. माणिकप्पानं बाजारातून लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही आणली आणि रकाने आखले. अनुक्रमांक. नाव. सध्याचा धंदा. हजार वर्षांच्या राज्यातली नेमणूक. शेरा.

त्याच्या आज्यानं मिशनच्या जुन्या पाद्र्याकडून बाप्तिस्मा घेतला होता, बाप मिशनच्या मळ्यात मोट हाकायचा. कंपाउंडातली माणसं अशी की नावं कानडी, बोली मराठी, शिव्या उर्दू आणि प्रार्थना तिन्ही भाषांत. या माणसांना या जगात कुणी कुठं नेमलं नव्हतं. झाडूवाली, दाई, गवंडी, आया, एक बँडमध्ये बाजा वाजवणारा. वहीची बातमी फुटली आणि दर रविवारी उपासना संपली की देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीवर माणिकप्पाभोवती ही गर्दी.

"मला उमरी द्या," दाईचं काम करणारी धुरपताबाई म्हणाली.

"उमरीच का?"

"तिथं माजी नणंद हाय. तिला जरा दावते."

"बाई, उमरी तालुका न्हाई."

"हजार वर्षांत हुईल की!"

हे त्याला पटलं. धुरपताबाईच्या नावापुढं उमरी लागली. शेऱ्यात त्यानं लिहिलं, 'नणंदेशी सबुरीनं वागण्याच्या अटीवर.' आया असलेल्या सिद्धम्माला त्यानं देगलूर दिलं तर ती भांडायला आली. "देगलूरला तेलुगू बोलतात. मी हजार वर्षं मुक्यानं बसू का?" तिची बदली करून तिला नांदेड दिलं. नांदेड मोठं, गोदावरीकाठचं. मग तिच्यावर बाकीच्यांनी वशिल्याचा आरोप केला. आणि उदगीरला तर माणिकप्पानं त्र्याहत्तर सालीच जिल्ह्याचं ठिकाण करून टाकलं होतं. लातूरला तालुकासुद्धा ठेवलं नव्हतं. लातूर म्हणजे उदगीरच्या हाताखालचं एक मंडळ, कोतवाल एक.

स्वतःला त्यानं दहा शहरं घेतली नाहीत. पाचही नाही. यादीत त्याचं नाव शेवटून दुसरं, पेन्सिलीनं. 'माणिकप्पा दानीएल, शिपाई. नेमणूक: जमादार, मुख्यालय उदगीर.' जमादार म्हणजे शिपायांचा म्होरक्या. लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला, आणि कुणाला आत सोडायचं नि कुणाला बाहेर बसवायचं हे ठरवणारा. या जगातही त्याला एवढंच हवं होतं. सध्याचा जमादार ब्याऐंशीच्या डिसेंबरात निवृत्त व्हायचा होता आणि सेवाज्येष्ठतेनं पुढचा नंबर माणिकप्पाचा होता. बिल्ला कसा चमकवायचा याचा सराव तो बायकोच्या पितळी तांब्यावर करायचा.

बायको गुरम्मा या सगळ्या राज्यकारभाराकडे टँकरच्या रांगेतून बघायची.

"तुला कुठलं गाव लिहू?" त्यानं एकदा मोठ्या मनानं विचारलं.

"गाव नगं. त्या चित्रात हिर हाय न्हवं भरलेली? ती लिवा माज्या नावावर. आन् तोवर ह्या दोन घागरी आना."

पाद्री अमृतराव शिकलेला माणूस, त्याला वहीचा संकोच वाटायचा. "माणिकप्पा," तो समजावायचा, "ही हजार वर्षं आत्मिक अर्थानं घ्यायची असतात."

"आत्मिक म्हंजी कागदावर?"

"तसं नव्हे..."

"कागदावर तर कागदावर. पर कागद तयार पायजे ना पाद्रीसाहेब."

आता यादीत शेवटून दुसरा माणिकप्पा, तर शेवटचा कोण? शेवटच्या ओळीतले बाकीचे रकाने दहा वर्षं कोरे होते. तिच्यात एकच नाव होतं, तेही इतक्या पुसट पेन्सिलीनं की उन्हात धरल्याशिवाय दिसू नये. लालमहंमद.

लालमहंमद बाकावरचा दुसरा शिपाई. माणिकप्पापेक्षा दोन वर्षांनी नोकरीला धाकटा आणि दोन वर्षांनी जिभेला थोरला. पस्तीस-छत्तीस वर्षं दोघं एका बाकावर. डावीकडे माणिकप्पा, उजवीकडे लालमहंमद. एक उठला की दुसऱ्याला बाक सावरून धरावा लागे, नाहीतर विटेवरून घसरे. पोलिस ॲक्शनच्या वेळी लालमहंमद अकरा दिवस माणिकप्पाच्या घरी ज्वारीच्या कणगीमागं बसून होता. त्याबद्दल दोघं कधीच बोलत नसत. बाकी सगळ्याबद्दल भांडत.

आणि सगळ्यात जास्त भांडण येणाऱ्या राज्यावरून. कारण मजा अशी, की वाट लालमहंमदही त्याचीच बघत होता.

"आमच्याकडंबी हजरत ईसाच, म्हंजी तुजा येशूच, येनार," तो ठणकावून सांगायचा. "दमिश्कला. पांढऱ्या मिनाराजवळ."

"यरुशलेमला," माणिकप्पा म्हणायचा.

"अरे दमिश्कला उतरून पुढं यरुशलेमला जातील. दौऱ्यावरचा साहेब मधी मुक्काम करत न्हाई का? आन् इन्साफचं राज्य करतील. चाळीस वर्षं."

"चाळीस? लाल्या, चाळीस वर्षांत तर कचेरीचा चुना वाळत न्हाई. हजार वर्षं!"

"हजार वर्षं एकच साहेब? आन् बदलीच न्हाई?" लालमहंमद कानाला हात लावायचा. "साहेब एकच हाय, येनार हे नक्की हाय, मुक्काम किती एवढंच तुजं-माजं भांडन. पर त्या वहीत माजं नाव हाय का, ते सांग."

इथं माणिकप्पा विनाकारण बाकाखालची वीट बघायला वाकायचा. वहीचा नियम त्यानंच केला होता: बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव असेल त्यालाच नेमणूक. हा नियम मोडावा तर धुरपताबाई उद्या नणंदेच्या म्हशीलाही नोकरी मागेल. आणि पाळावा, तर हजार वर्षं बाकाच्या उजव्या बाजूला कोण बसणार?

त्यानं पाद्र्याला एकदा आडून आडून विचारलं. "एखादा मानूस चांगला हाय. लई चांगला. पर यादीत बसत न्हाई. तर?"

अमृतराव कधी नव्हे ते माणिकप्पाच्या भाषेत बोलला. "तुमची यादी कच्ची आहे, माणिकप्पा. पक्की यादी वरून येते."

एवढ्यानं पाद्र्याचं भागलं. पण वरून येणाऱ्या पक्क्या यादीत कच्च्या यादीतली नावं कशी गळतात, हे शिपायापेक्षा जास्त कुणाला ठाऊक?

ब्याऐंशी साल उजाडलं. आषाढ कोरडा गेला, श्रावण लागला तरी ढग नुसते दौऱ्यावर आल्यासारखे यायचे आणि पुढं निघून जायचे. पुन्हा टँकर, पुन्हा रांगा, पुन्हा लोक म्हणू लागले, बहात्तर आलं. माणिकप्पाच्या घरी भिंतीवरच्या नकाशातला हिरवा चौकोन बघायला शेजारणी पुन्हा येऊ लागल्या, पण दहा वर्षांत रंगाला भेगा गेल्या होत्या आणि त्या थेट विहिरीतूनच गेल्या होत्या.

अशात बातमी आली की नवा जिल्हा होतो आहे. ऑगस्टच्या मध्याला. आणि जिल्ह्याचं ठिकाण लातूर.

उदगीरनं ही बातमी घरात कुणी गेल्यासारखी ऐकली. माणिकप्पानं वही उघडली, लातूरपुढचं 'मंडळ, कोतवाल एक' वाचलं, आणि फणफणत मिटली. "होऊ द्या. किती दिवस? सहावं राज्य येऊ द्या, मग बघू जिल्हा कुठं ऱ्हातो ते!"

चार दिवसांनी अव्वल कारकून नरसिंगरावानं दोघांना आत बोलावलं. दोघांना एकदम बोलावलं की बाकाचं काय करायचं हा प्रश्न पडायचा. त्यांनी तो हळूच भिंतीला टेकवला आणि आत गेले.

"लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीला माणसं पाहिजेत," नरसिंगराव चष्म्यावरून म्हणाला. "आपल्याकडून एक शिपाई द्यायचाय. नियमानं कनिष्ठ जातो. म्हणजे लालमहंमद. आठ दिवसांत हजर व्हायचं."

लालमहंमद म्हणाला, "जी," आणि बाहेर येऊन उजव्या बाजूला बसला. भांडण उकरायचं सोडून तो टोपी झटकत राहिला. हे इतकं अघटित होतं की माणिकप्पानंच शेवटी तोंड उघडलं.

"लातूर काय लांब न्हाई. यष्टीनं दोन-अडीच घंटे."

"मला लांब न्हाई रे. हुसेनबीला लांब हाय."

हुसेनबी लालमहंमदची बायको. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिची दोन्ही डोळ्यांची नजर गेली. लेक जाहिदा देगलूरला दिलेली. पण हुसेनबी उदगीरच्या त्या गल्लीत अशी वावरायची की नवख्याला संशय येऊ नये. घरापासून हापशापर्यंत एक्क्याऐंशी पावलं. हापशापासून पिठाच्या गिरणीपर्यंत वास. गिरणीपासून लेकीच्या मैत्रिणीच्या घरापर्यंत डाव्या हाताची भिंत, मध्ये एक खळगा. सहा वर्षं ठेचा खाऊन तिनं हे अख्खं गाव हातापायांनी पाठ केलं होतं.

"लातूरला नेलं तर तिला परत पयल्यापासून आंधळं व्हावं लागंल," लालमहंमद म्हणाला. मग नेहमीचा आवाज काढून म्हणाला, "चल, तुजी तर बला टळली! डिसेंबरला बिल्ला लाव. लातूरहून बघायला येईन. आत सोडशील ना जमादारसाहेब?"

माणिकप्पा हसला नाही. तो त्या दिवशी घरी गेला आणि वही काढून बसला. कुणाची तरी बदली केली की त्याला बरं वाटायचं. त्यानं सिद्धम्माला नांदेडहून पुन्हा देगलूरला पाठवलं. बरं वाटेना. तिला परत आणलं.

गुरम्मा घागर उतरवून दारात उभी होती. रांगेत तिला सगळी बातमी आधीच कळली होती. टँकरच्या रांगेइतकी जलद कचेरी साऱ्या महाराष्ट्रात नव्हती.

"हुसेनबी रांगेत रडाय लागली हुती," ती म्हणाली. "आवाज न करता. बाजूच्या बायांना वाटलं घाम पुसायलीय."

"नियम हाय. कनिष्ठ जातो."

"आन् ज्येष्ठानं हात वर केला तर?"

माणिकप्पाला हे माहीत होतं. म्हणून तर तो वहीत डोकं घालून बसला होता. ज्येष्ठानं लिहून दिलं तर ज्येष्ठ जाऊ शकतो. पण स्वतःच्या अर्जानं बदली मागितली की ज्येष्ठता इथंच गळून पडते. तिथं तो शिपायांच्या ओळीत सगळ्यात शेवटी. बिल्ला नाही, पट्टा नाही, आणि निवृत्तीला तीन वर्षं.

"अडतीस वर्षं," तो म्हणाला. "अडतीस वर्षं वाट बघितली मी त्या बिल्ल्याची, गुरे."

गुरम्मानं पदरानं हात पुसले. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच वाईट होतं.

"दहा वर्षं झाली, तुमी सगळ्या गावाच्या बदल्या करून ऱ्हायलात. आता एक सोताची करा की."

"आन् तू?"

"मी येते. हितं टँकरची रांग, तितं टँकरची रांग. रांगंला काय जिल्हा असतो?"

दुसऱ्या दिवशी माणिकप्पानं नरसिंगरावाच्या टेबलावर अर्ज ठेवला. नरसिंगरावानं तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. "माणिकप्पा, डिसेंबरला तुम्ही जमादार होणार आहात. कळतंय ना काय करताय?"

"कळतंय साहेब. लातूरबी एक शहरच हाय," माणिकप्पा म्हणाला. "दहा न्हाई, एकापास्नं सुरुवात."

लालमहंमदला हे कळलं तेव्हा तो आधी चिडला, मग त्यानं शिव्या दिल्या, मग "अर्ज परत घे" म्हणून माणिकप्पाचं मनगट धरून त्याला चौदा पावलं ओढत नेलं. साहेबाच्या दारासमोर माणिकप्पानं एवढंच विचारलं, "कणगीमागं अकरा दिस तू होतास का मी?"

"मग? त्याचं काय?"

"काय न्हाई. ज्याचं घर त्यानं ठरवायचं असतं, कुनी कुठं बसायचं ते."

चौतीस वर्षांत ही गोष्ट पहिल्यांदाच बाहेर आली. लालमहंमदनं मनगट सोडलं.

जायच्या आदल्या दिवशी माणिकप्पा कचेरीत आला तो काखेत लाल वही आणि खांद्यावर गुंडाळलेला नकाशा घेऊन. दोन्ही त्यानं बाकावर मधोमध ठेवलं. खिशातून एक कागद काढला. कचेरीत माणूस जागा सोडतो तेव्हा मागच्याला जो कागद करून देतो, तसाच त्यानं केला होता. वर 'कार्यभार हस्तांतरण अहवाल'. खाली: 'एक वही, पाने शहाण्णव, पैकी अकरा कोरी. एक कापडी नकाशा, हिरव्या भागास तडे. वरील दफ्तर समक्ष मोजून दिले.' मग एका बाजूला 'चार्ज देणार, माणिकप्पा दानीएल,' आणि दुसऱ्या बाजूला 'चार्ज घेणार,' पुढं मोकळी जागा.

"सही कर," तो म्हणाला.

"मी?" ती चावेल की काय, असं लालमहंमदनं वहीकडं पाहिलं. "अरे, मी तुज्या यादीत न्हाई, आन् यादी माज्याकडं? कंपाउंडातल्या कुनाला दे. पाद्रीला दे."

"पाद्री आत्मिक अर्थानं ठेवील. हरवील."

"आन् धुरपताबाई मला विचारंल, तू कोन?"

"सांगायचं, चार्ज माज्याकडं हाय." माणिकप्पा जवळ सरकला. त्याच्या डोळ्यांत ती चमक आली जी फक्त जुन्या शिपायाच्या डोळ्यांत येते, नियमाच्या भिंतीत त्याला दरवाजा सापडला की. "लाल्या, ऐक. अडतीस वर्षं मी दारावर बसलो. कितीबी मोठा साहेब असू दे, कितीबी गर्दी असू दे, बाहेर मंत्री का थांबला असंना. आतून आवाज आला 'रेकॉर्ड आना', तर कुनाला पयलं आत सोडतात?"

"ज्याच्याकडं रेकॉर्ड असतं त्याला."

"त्याला कुनी जात इचारतं?"

"न्हाई."

"धर्म?"

लालमहंमदनं वहीवरची धूळ बोटानं पुसली.

"त्या दिवशी प्रभू म्हननार, आना यादी. मग तुला आत बोलवावंच लागंल. यादी तुज्याजवळ. दुसऱ्या कुनाला देऊ नगंस, टपालानं पाठवू नगंस. सोता घेऊन आत जायचं. एकदा आत गेलास की पुढचं तो बघंल. तो काय तुला बाहेर काढायला बसलाय? यादी कच्ची का पक्की, ती तुज्या हातात असंल, एवढं माज्या हातात हाय."

समोरून टँकर गेला, मागं घागरी घेतलेल्या बायका पळाल्या. आत घंटी वाजली, आणि दोघंही उठले नाहीत.

"पर मी चाळीसच वर्षं मानतो," लालमहंमद शेवटी म्हणाला. "हजार न्हाई."

"चालंल की. पयल्या चाळीस वर्षांचं आपलं दोघांचं एकमत हाय ना? नोकरी तरी कितीची असते, चाळीस वर्षांचीच. पुढच्या नऊशे साठला नवी भरती करतील."

लालमहंमदनं पेन घेतला आणि उजवीकडून डावीकडे, निजामाच्या काळातल्या त्या वळणदार उर्दूत सही केली. मग वही कपाळाला लावली. वहीत काय आहे ते त्याला पुरतं वाचता येत नव्हतं, मराठी तो अडखळत वाचायचा. पण दफ्तर हातात घेताना त्याची ती जुनी रीत होती.

हुसेनबी दुपारी भेटायला आली, भिंत धरून, पावलं मोजत. तिनं माणिकप्पाचं तोंड हातांनी चाचपलं आणि म्हणाली, "माणिकभाई, ते हिरवं कुठं असतंय म्हनतात ते दाव." त्यानं नकाशा उलगडून तिची बोटं त्या चौकोनावर ठेवली. तिनं भेगा चाचपल्या, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "वेलीची मुळं दिसतात," ती म्हणाली.

ऑगस्टात नवा जिल्हा झाला. मांडव पडला, भाषणं झाली, पाऊस नव्हता म्हणून मांडव कोरडा राहिला आणि त्याबद्दल मांडववाल्यानं समाधान व्यक्त केलं. नव्या कचेरीत सगळं नवं होतं, माणिकप्पाचं स्टूलही. जिन्याखालचं, ओळीतलं शेवटचं. चारही पाय सारखे, त्यामुळे त्याला त्यावर नीट बसताच येईना. शरीराला डावीकडे कलायची सवय. दुसऱ्या दिवशी तो आवारातून विटेचा एक तुकडा शोधून घेऊन आला.

महिनाभरानं पोस्टकार्ड आलं, उर्दूत. लातूरच्या कचेरीत ते वाचू शकणारा बहुधा तो एकटाच असावा, म्हणून त्यानं ते मोठ्यानं वाचलं.

'रविवारी पायरीवर बसतो. पाद्रीसाहेब पहिल्यांदा बिथरले, आता चहा पाठवतात. लोक येतात. मला नाही म्हणता येत नाही, मागतील ते देतो. उमरीत आता धुरपताबाई, तिची नणंद आणि नणंदेची जाऊ अशा तिघी झाल्या आहेत. शेऱ्यात लिहिलं, लांडगा-कोकरू एका गव्हाणीत खातात, या तिघी एका ताटात खातील. लातूरला मी जिल्हा केलं, तू तिथं आहेस म्हणून. रागावू नको, उदगीरलाही ठेवलंय. दोन जिल्हे. तुझं नाव पेन्सिलीनं होतं, ते शाईनं गिरवलं. जमादार, मुख्यालय उदगीर. हुसेनबी मजेत. वही उन्हात धरली तेव्हा शेवटी माझं नाव दिसलं. त्यापुढचा नेमणुकीचा रकाना तू कोराच ठेवलास, तिथं काय लिहू?'

माणिकप्पानं उलट टपाली लिहिलं की ज्याच्याकडं चार्ज आहे त्यानंच रकाना भरायचा असतो, एवढं छत्तीस वर्षांत कळलं नाही का गाढवा.

उत्तर पंधरा दिवसांनी आलं. त्यात नमस्कार-चमत्कार काही नव्हता, नुसती वहीतल्या शेवटच्या ओळीची नक्कल होती. अनुक्रमांक एकशे बारा. नाव, लालमहंमद. सध्याचा धंदा, शिपाई. नेमणूक, बाकाची उजवी बाजू. शेरा: डाव्या पायाखालची वीट फुटली होती, नवी घातली, जमादार येईपर्यंत बाक धरून बसलो आहे.